चोरून खाल्लेला गूळ

वीस वर्षं एका घरात राहून बायकोला जे कळलं नाही, ते तुम्हाला सांगायला बसलोय. कसं सांगू? — सरळच सांगतो.

वडील साखरेनं गेले. म्हणजे आधी साखर, मग किडन्या — तोंड सुजलं, पाय सुजले, शेवटी लघवीच बंद. आजोबांचंही तसंच झालेलं. मंगळवार पेठेतल्या आमच्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन बजावलं होतं, हे तुमच्या घराण्यातच आहे, दोघा भावंडांनी दर वर्षी रक्त-लघवी तपासायची, लवकर कळलं तर किडनी सांभाळता येते. दोघं म्हणजे मी आणि धाकटी शालन.

शालनचं तेव्हा कोडोलीच्या स्थळाशी बोलणं चाललेलं. उसाची शेती, घरचं गुऱ्हाळ. अशा वेळी घराण्यातलं दुखणं कोण सांगतं हो? मी पाहुण्यांना सांगितलं, वडील हार्टफेलनं गेले. शालनला वडिलांची साखर ठाऊक होती, ती आपल्यातही उतरू शकते हे ठाऊक नव्हतं. ते मी सांगितलंच नाही. उलट अंबाबाईची शपथ घातली — सासरी साखरेचं नाव काढायचं नाही.

लग्नानंतर तरी सांगता आलं असतं की! दर भाऊबीजेला ती ओवाळायची आणि मी ताटात ओवाळणी टाकून उठायचो. सांगितलं तर ती तपासायला जाणार, सासरी कळणार, फसवून पोरगी गळ्यात बांधली म्हणून तिला माहेरी आणून सोडणार. कात्रीत सापडलो होतो म्हणा. पण मी — मी दर वर्षी तपासत होतो! कोल्हापुरात कुणी बघेल म्हणून सांगलीला जाऊन. काही नाही निघालं की स्टँडवर भजी खायची आणि एस.टी. धरायची.

दहाव्या वर्षी शालनचे पाय सुजले. सुगीत उभं राहून सुजले असतील, म्हणाले घरचे. कोल्हापूरच्या दवाखान्यात आणलं तोवर उशीर झालेला — साखर निघाली, किडन्या गेलेल्या. डॉक्टरांनी विचारलं, माहेरी कुणाला साखर होती का? सासू शेजारीच उभी. शालननं माझ्याकडं बघितलं. शपथ मोडायची की नाही, एवढंच विचारत होती बिचारी.

"न्हाय," मी म्हणालो.

तिनं मान खाली घातली. तीन महिन्यांत गेली.

तेराव्याला सासू सगळ्यांदेखत बोलली, "गुऱ्हाळावर चोरून गूळ खायची, त्येनंच मेली." माझ्या मेलेल्या बहिणीवर चोरीचा आळ, आणि मी काय केलं? पत्रावळीवरचा भात कालवत बसलो. लाज वाटली का? वाटली की. तरी घास गिळला.

परवा शालनची पोरगी आली होती. दहावीला आहे, हनुवटी अगदी आईची. बायकोनं शेंगदाण्याचा लाडू पुढं केला, तर तिनं ताटली परत सारली.

"मामा, मी गुळाला शिवत न्हाय. आईसारखं माझं कायबी हुयाचं न्हाय बघा!" केवढ्या विश्वासानं म्हणाली.

"शाणी हाईस," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी मला तपासणीला सांगलीला जायचं होतं. एकटाच गेलो.