अप्पा म्हणाले, तिचं सगळं मी करतो

मंडळी, आज माझ्या वडिलांना, अप्पांना घेऊन शहराबाहेरचा एक वृद्धाश्रम बघून आले. आईला पक्षाघात झालाय, तिला तिथं ठेवायचा विचार होता.

महिन्याचा खर्च ऐकून अप्पा मॅनेजरना म्हणाले, "मी बी हितंच ऱ्हातो की. तिचं सगळं मी करतो. तुमची बाई नको, तेवढे पैसे कमी करा."

"तसं जमत नाही, आजोबा. दोघांचे पूर्ण भरावे लागतील."

अप्पा माझ्याकडे बघत राहिले. गेल्या महिन्यात आईला उठवताना अप्पा आणि ती दोघंही पडली, म्हणूनच आम्ही तिथं गेलो होतो.

रिक्षात ते एवढंच म्हणाले, "तिला एकटीला झोप लागत न्हाय."

दोघांचा खर्च मला झेपत नाही. तुमच्यावर अशी वेळ आली तेव्हा तुम्ही काय केलंत?