मुहूर्ताची गाडी आत होती

ये वं बाई, जवळ सरक. कागदावर लिहिलेलं वाचतानाही जवळ बसता येतं. परवा फोनवर काय म्हणालीस? "आत्या, यांनी सोलरच्या पाट्या बसवायचं काम सोताच्या नावानं घेतलं, पण विम्याचं काऊन भरायचं? फुकटचा हप्ता." अन् मागून जावयांचं हसू ऐकू आलं मला. मी तेव्हा फोन ठेवला, बस येऊन राह्यली होती. पण रागच आला. तुझ्या घरातलं माणूस छतावर चढते, करंटाशी खेळते, आणि तू हसतेस?

तुला ठाऊक आहे, माझा पोरगा वेल्डिंगचं काम करते. आधी दुसऱ्याच्या दुकानात होता, मग सोताची मशीन घेतली आणि कापसाची सरकी काढणाऱ्या जिनिंगांची कामं ठेक्यानं धरली. दुकानात होता तोवर काही झालं तर मालक पाहून घेत असे. सोताचा ठेका म्हटला की चुकलं-माकलं सारं आपल्या अंगावर. हे मला मावला गावच्या विम्याच्या एजंट बाईनं समजावलं. बाई तिथल्या शाळामास्तरांची सून, बोलायला गोड, पण एकेक कलम वाचल्याशिवाय सही करू देत नाही. हाताखाली माणसं किती, उंचीवर चढता का, कामात आग आहे का, यावर हप्ता ठरते म्हणाली. पोरगा म्हणे, "आगीचं सोडून द्या, स्वस्तातलं द्या." मी म्हटलं, "वेल्डिंगवाल्यानं आगीचं सोडलं त मंग काय पावसाचं घ्यायचं?"

शेवटी दोन कागद घेतले. एक दुसऱ्याच्या मालाचं नुकसान झालं तर, त्यातही नुकसानीचा पहिला थोडा वाटा आपल्यालाच भरावा लागते. दुसरा हाताखालच्या माणसाला इजा झाली तर. माणूस एकच, माझ्या पोराचा जोडीदार, दोन पोरींचा बाप. त्याचंही नाव यादीत घालायला लावलं मी. आणि एजंट बाईनं बोट ठेवून सांगितलं, "मावशी, ही अट पाहा. वेल्डिंग चालू असताना कापूस जवळ असायला नाही पाहिजे. आधी दूर हलवायचा." मी वहीत मराठीतून उतरवून घेतलं. म्हणजे मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही.

आता तो दिवस सांगते. गुडीहत्नूरच्या रस्त्यावरच्या एका जिनिंगमध्ये हंगामाच्या पहिल्या खरेदीचा मुहूर्त होता. कापूस ओढणाऱ्या मोठ्या पाइपाच्या आधाराला आदल्या दिवशीच तडा गेला, म्हणून शेठनं सकाळीच माझ्या पोराला बोलावलं. मी डबा घेऊन गेले आणि मुहूर्त पाहायला थांबले. बेला गावाकडच्या एका शेतकऱ्याची बैलगाडी पहिली आली. बैलांच्या शिंगांना फुगे, गाडीला झेंडूच्या माळा, वरपर्यंत पांढराशुभ्र कापूस. शेठच्या बायकोनं ओवाळलं, नारळ फुटला, गाडी थेट शेडात, पाइपाखाली नेऊन उभी केली आणि बैल सोडले.

पोरगा शिडीवरून खाली आला. "शेठ, गाडी बाहेर घ्या. वेल्डिंगचे दोन टाके राह्यले."

"अरे, मुहूर्ताची गाडी उलटी काढत नाहीत. वर्साची लक्ष्मी हाय."

"कागदात लिवलं हाय शेठ, कापूस असला त मशीन चालू नाही करायची."

हमाल हसायला लागले. एक म्हणे, "विमा काढल्यापासून लईच भ्यायला लागला हा!" शेतकरी बिचारा टोपी हातात घेऊन उभा. आणि तुझ्या आत्याच्या तोंडून काय निघालं? "अरे, आलेली लक्ष्मी मागं फिरवू नाही. ओलं तरट टाक वरून अन् कर. दोन टाके त हायेत."

तो माझ्याकडे पाहत राहिला. मग गेला वर.

तरट टाकलं. जोडीदार खाली शिडी धरून. प्रसाद घ्यायला त्यानं हातमोजे काढले होते, ते तसेच कंबरेला खोचलेले. पहिला टाका झाला. दुसऱ्याला ठिणगी उडाली, तरटाच्या कडेनं आत गेली. कापसाची आग वरून दिसत नाही बाई, आतल्या आत चालत जाते. नुसता वास आला. जोडीदारानं तरट फेकलं आणि निखारा शोधायला उजवा हात कोपरापर्यंत कापसात घातला. "हात काढ, हात काढ!" पोरगा वरून ओरडून राह्यला. त्यानं पेटता बोळा बाहेर ओढला तेव्हा भडका उडाला. पाण्याचे पाइप, बादल्या, माती. अर्धी गाडी काळी झाली, शेड वाचलं. जोडीदाराचा हात कोपरापर्यंत भाजला होता, तसंच त्याला दवाखान्यात नेलं.

डॉक्टर म्हणाले, मांडीची कातडी काढून लावावी लागेल, उशीर केला तर बोटं आखडतील. वेल्डरचा उजवा हात. त्याची बायको माझ्याजवळ येऊन बसली, ऑपरेशनला किती लागतील एवढंच विचारलं. हे कोणाच्या सांगण्यावरून झालं, ते तिनं विचारलं असतं तर बरं झालं असतं.

तिसऱ्या दिवशी विम्याचा साहेब पाहणीला येणार होता. सकाळीच शेठ घरी आला. "मावशी, गाडी बाहेर होती असं म्हणा. ठिणगी वाऱ्यानं गेली. तुमचंही भलं, आमचंही. नाहीतर कापसाचं सारं तुमच्या पोराच्या डोक्यावर." मी एजंट बाईला फोन लावला. ती म्हणाली, "मावशी, मी काय सांगणार? पण तोच साहेब हाताचाही कागद पाहते. एक खोटं सापडलं की सगळ्यावरच शंका धरतात."

जिनिंगमध्ये गेलो तर जमिनीवर जळल्याचा डाग पाइपाखालीच. शेठनं त्यावर नवा कापूस पसरून ठेवलेला! साहेब फोटो काढत फिरला, पोराला चार गोष्टी विचारल्या, मग माझ्याकडे वळला. "अम्मा, आप थीं ना? कपास की गाड़ी कहाँ खड़ी थी?"

शेठ खोकला. पोरगा माझ्याकडे पाहून राह्यला, अगदी त्या दिवशी पाहत होता तसाच. आत म्हटलं तर पोराचा धंदा जाते, बाहेर म्हटलं आणि पकडले गेलो तर त्या माणसाचा हात.

मी म्हटलं, "अंदर थी साहब. पाइप के नीचे. लड़का मना कर रहा था, मैंने बोला, कर."

साहेबानं लिहून घेतलं. मग विचारलं, "और जिसका हाथ जला, वो आपका आदमी था? लिस्ट में है?"

"है साहब."

"तो वो अलग कागज़ है," म्हणाला, आणि पान उलटलं.

कापसाचं काही मिळालं नाही. अट मोडली होती, ते कोणाशी भांडणार? शेतकऱ्याचे पैसे शेठनं दिले, आणि त्यापोटी माझा पोरगा आता या हंगामभर शेठचं सगळं वेल्डिंग मजुरीशिवाय करते. महिनाभर माझ्याशी कामापुरतं बोलला. पुढच्या वर्षी हप्ताही वाढेल म्हणतात. पण दुसऱ्या कागदावर जोडीदाराचं ऑपरेशन वेळेवर झालं, घरी बसल्या दिवसांचंही त्याला मिळून राह्यलं.

आता तो रोज दुपारी आमच्या अंगणात येते. डॉक्टरनं बोटांना काम द्यायला सांगितलं, म्हणून तुरीच्या शेंगा सोलत बसते. काल अंगठा आणि मधलं बोट एकमेकांना टेकलं, तर त्याच्या बायकोनं शेजारपाजार गोळा केला.

जावयांना घेऊन ये. त्यांनी त्याच्याशी बोलावं, मी काय, म्हातारी, बडबडते. शेंगा कोवळ्या आहेत तोवर या, हिरव्या दाण्यांचे सोले भाजीत घालीन. उद्या-परवा म्हणत बसू नको, येत्या रविवारीच ये.