दिघीच्या बोटीवरची साक्ष

आमची ख्रिस्ती मंडळी श्रीवर्धनला एका नर्सबाईंच्या घरामागच्या खोलीत जमते. सगळी मिळून अकरा माणसं, त्यात दोन लहान मुलं. मी मूळचा नगरकडचा, मुरुडच्या शाळेत चित्रकला शिकवतो. दर रविवारी सकाळी स्कूटरवरून आगरदांड्याला जायचं, फेरीबोटीनं खाडी ओलांडून दिघीला उतरायचं आणि पुढे श्रीवर्धन गाठायचं, असा माझा क्रम आहे. बायको गुडघ्यांमुळे क्वचितच सोबत येते.

एका रविवारी उपदेश संपवताना पाळकसाहेब म्हणाले की प्रभूनं आपल्याला सुवार्ता जगाला सांगायला पाठवलंय आणि आपण ती अकराजण एकमेकांनाच सांगत बसलोय. पुढच्या रविवारपर्यंत प्रत्येकानं एका तरी बाहेरच्या माणसाशी आपल्या विश्वासाबद्दल बोलायचं. मी वर्गात बोलतो तेसुद्धा कागद सरळ धरा आणि रंगाचं पाणी सांडू नका, एवढंच.

घरी येऊन मी एका कागदावर चार मुद्दे लिहिले आणि बायकोला म्हटलं, तू विश्वास नसलेली बाई हो, मी तुला सांगतो. तिनं ते काम फारच मनावर घेतलं. पहिल्याच मुद्द्याला तिनं विचारलं की तुमचा देव एवढा प्रेमळ, तर तुम्ही घरात इतके चिडके कसे. मी म्हटलं, बाहेरचा माणूस असं विचारणार नाही. ती म्हणाली, बाहेरच्याला ठाऊक नाही म्हणून. त्यावरून आमचं दोन दिवस बोलणं बंद होतं. मधे एकदा मी न्हाव्याकडे प्रयत्न केला, पण वस्तरा गळ्यावर असताना मला बोलता येईना आणि वस्तरा खाली ठेवल्यावर त्याचं बोलणं थांबेना.

असा रविवार उजाडला. बोटीवर बाकाच्या टोकाला एक वयस्क मुसलमान गृहस्थ बसले होते. पांढरी दाढी, इस्त्रीचा सदरा. मी शेजारी जाऊन बसलो आणि म्हटलं, “चाचा, दोन मिनिटं बोलू का तुमच्याशी? जरा देवाधर्माचं आहे.”

ते माझ्याकडे वळले. मग म्हणाले, “मी पण तुम्हाला हेच विचारणार होतो.”

झालं होतं असं की त्यांच्या मशिदीतही कुणीतरी सांगितलं होतं, दीनची, म्हणजे धर्माची, गोष्ट चार लोकांना सांगा. ते तीस वर्षं कुवेतला क्रेन चालवून परत आलेले. तिथं वर एकटंच बसायची सवय, त्यामुळे त्यांनाही बोलायचा संकोच. आठवडाभर त्यांनी घरच्या शेळ्यांसमोर सराव केला होता.

आधी कुणी बोलायचं, यावरच निम्मी खाडी गेली. मी म्हणत होतो, तुम्ही वयानं मोठे. ते म्हणत होते, पहिला तुम्ही विचारलंत. शेवटी मी खिशातून कागद काढला आणि दुसऱ्या मुद्द्यावर आलो तोच वाऱ्यानं तो उचलून पाण्यात नेला. आम्ही दोघंही उठून कठड्यापाशी जाऊन बघत राहिलो.

“आता माझं ऐका,” असं म्हणून त्यांनी मोबाइल काढला. त्यात कुणीतरी त्यांना सगळं लिहून पाठवलं होतं, पण चष्मा घरी राहिलेला. तो मोबाइल त्यांनी माझ्या हातात दिला. मग मी त्यांचं सगळं त्यांनाच मोठ्यानं वाचून दाखवलं. ते डोळे मिटून ऐकत होते आणि अधूनमधून “बराबर” म्हणत होते. समोर टोपली घेऊन बसलेल्या कोळणीनं मला विचारलं की तुम्ही कुठल्या मशिदीत असता. खुलासा करेपर्यंत दिघी आली, गाड्या उतरल्या, नव्या चढल्या आणि माझी स्कूटर बर्फाच्या टेंपोमागे अडकली. बोट परत आगरदांड्याकडे निघाली. चाचाही राहिले. दिघीला त्यांची मुलगी जेवायला वाट बघत होती, पण वाचन अर्धवट सोडणं त्यांना बरं वाटलं नाही.

वाचून झाल्यावर ते म्हणाले, “तुमचा कागद तर गेला. पन तुम्हाला स्वतःला काय मिळालं, ते सांगा.”

हे माझ्या चार मुद्द्यांत नव्हतं. मी सांगितलं की आमचा पहिला मुलगा आठ महिन्यांचा होऊन गेला. वर्षभर मी ब्रश हातात धरला नाही, कुणी भेटायला आलं की मागच्या दारानं निघून जायचो. एका दुपारी रिकाम्या चर्चमध्ये बसून मी देवाशी भांडत होतो, अगदी मोठ्यानं. भांडता भांडता मला जाणवलं की कुणीतरी ऐकतंय. कसं जाणवलं, ते मला आजही सांगता येत नाही. मी घरी गेलो आणि कितीतरी महिन्यांनी बायकोशेजारी बसून जेवलो.

चाचांनी मोबाइल खिशात ठेवला. मग म्हणाले, “हे आधी सांगायचं ना.” त्यांची आई गेली तेव्हा ते कुवेतला होते, सुट्टी मिळाली नाही. क्रेनच्या केबिनमध्येच त्यांनी तिच्यासाठी नमाज पढला. खालून मुकादम हात हलवत होता आणि लोखंडाची तुळई तशीच हवेत लटकत होती.

बोट पुन्हा दिघीला लागल्यावर उतरून मी श्रीवर्धनला पोचलो तेव्हा उपासना संपून चहा चालला होता. मी सगळं सांगितलं. पाळकसाहेबांनी विचारलं, ते गृहस्थ काय म्हणाले? मी म्हटलं, पुढच्या रविवारी भेटू म्हणाले. पाळकसाहेब हळूच म्हणाले की आठवडाभरात त्यांनी स्वतः कुणाशीच बोलणं काढलं नव्हतं. धीरच झाला नाही.

पुढच्या रविवारी दुपारी पाळकसाहेब चाचांशी बोलायला म्हणून माझ्यामागे स्कूटरवर बसून दिघीला आले. चाचा मुलीकडून परत निघालेले जेट्टीवर भेटले. मी दोघांची ओळख करून दिली. त्या दिवशी खाडीला लाटा होत्या. बोट सुटते न सुटते तोच पाळकसाहेबांना मळमळायला लागलं. त्यांच्या तोंडून एक शब्द निघेना. चाचांनी त्यांना धरून बाकावर बसवलं, कोळणीकडून लिंबू मागून घेतलं आणि त्यांच्या नाकाशी धरलं. पाण्याकडे बघू नका, समोरच्या डोंगराकडे बघा, असं ते सांगत राहिले. आगरदांडा येईपर्यंत पाळकसाहेब डोंगराकडे बघत होते आणि चाचा त्यांच्या पाठीवरून हात फिरवत होते.