नग एक, बैठकीसह

“थांबा बाबू, आधी तिले इचारू द्या.”

असं म्हणून मिस्त्री उजव्या हाताची मागची बाजू इंजिनाच्या डोक्यावर ठेवायचे. पोराला ताप आहे का ते बघायला आई ठेवते ना, तसा. डोळे मिटायचे, मान जरा वाकडी करायचे आणि मग निकाल द्यायचे. “पेट्रोलमंदी पानी गेलं.” किंवा, “काई नाई झालं, नखरे करून राहिली.” तुम्ही तिथे असता तर हसला असता. मीही पहिल्या दिवशी हसलो होतो. पण इंजिन खोललं की पेट्रोलमध्ये पाणी निघायचंच.

मी तेव्हा नागपूरच्या एका सरकारी बागेच्या कोठीत कारकून होतो. खुरपी, झाऱ्या, पाण्याचे पाइप आणि कुंड्या यांचा हिशेब ठेवणं हे माझं काम. कोठीच्या नोंदवहीत एक ओळ होती: ‘लॉन मोअर, मोटरचे, बैठकीसह, नग एक.’ ही बैठकीसहची बाई म्हणजेच मिस्त्रींची ‘ती’. पुढे गवत कापायच्या पात्यांचा फिरता रूळ, त्यावर इंजिन, मागे जड लोखंडी रोलर आणि त्याला जोडलेली एक वाटोळी लोखंडी बैठक. त्या बैठकीवर बसून हाकायचं. गोरे साहेब लोक गेले तेव्हा बंगला, हिरवळ आणि हे यंत्र इथेच टाकून गेले. मिस्त्रीही त्यातच आले म्हणा ना.

“सायब बसत, मी पुसत होतो,” ते सांगायचे. “सायब गेल्यावर आठ दिवस ती तशीच उभी. कोनी हात लावे ना. नवव्या दिवशी मीच बसलो.”

बसताना मात्र चपला काढायचे. हिरवळीच्या कडेला, सिमेंटच्या पट्टीवर, दोन चपला शिस्तीत ठेवलेल्या दिसल्या की समजावं, मिस्त्री कामावर आहेत. मी एकदा म्हटलं, “अहो, पायाला काही लागेल.” तर म्हणाले, “सायबाचं पाप मी काहून करू? तो बुटानं चढे.”

मिस्त्री जातीने कोष्टी. घरातले माग एकेक करून बंद पडले तेव्हा बाप यांना साहेबाच्या मोटारखान्यात सोडून आला. हात मात्र विणकराचेच राहिले. त्यांच्या हत्यारांच्या पेटीत पान्यांच्या शेजारी एक पत्र्याची डबी असायची आणि डबीत ऐंशी नंबरी सुताची लडी. बारीक सूत, उन्हात धरलं तरच दिसावं असं. फिरती पाती आणि खालचं स्थिर पातं यांच्यात किती फट आहे, ते मिस्त्री या सुताने बघत. एक धागा दोन बोटांत ताणून धरायचा आणि दुसऱ्या हाताने रूळ हळू फिरवायचा. डावीकडे, मध्ये, उजवीकडे, तिन्ही ठिकाणी धागा ‘टच्’ करून कापला गेला पाहिजे. एका ठिकाणी जरी नुसता दबला, तरी परत पाना हातात.

माळी वैतागायचे. “मिस्त्री, गवत कापायचं हाय का सायबाची दाढी करायची हाय?”

“सूत नाई कापलं तं ते गवत कापत नाई, उपटते,” मिस्त्री मान वर न करता म्हणायचे. “मंग चार दिसांनं शेंडे पिवळे पडते. तवा या अन् माही दाढी करा.”

सगळी गंमत छप्पन साली संपली. मध्य प्रदेशाची राजधानी नागपुरातून भोपाळला जायची ठरली आणि आमच्या कचेरीत एकच गोष्ट सुरू झाली: याद्या. कपाटं, खुर्च्या, पंखे, घड्याळं. कोण जाणार, काय जाणार. भाद्रपदात एक साहेब येऊन बागेची यंत्रं तपासणार होते. हुकूम साधा होता. चालू असेल ते भोपाळला, बंद असेल ते निकामी म्हणून भंगारात.

आणि नेमकी त्याच आषाढात ‘ती’ बसली.

मिस्त्रींनी हात ठेवला. बराच वेळ ठेवला. हँडल एकदा फिरवलं, दोनदा फिरवलं. चांगल्या इंजिनाचं हँडल उलट झटका मारतं. हे लोण्यात फिरावं तसं फिरत होतं. “दम गेला,” ते म्हणाले. “रिंगा झिजल्या.” पिस्टनवर बसणाऱ्या लोखंडी कड्या त्या. त्या झिजल्या की जोर बाजूने निसटून जातो आणि इंजिन नुसतं निळा धूर सोडत बसतं.

रिंगा मागवायच्या तर इंजिनाचा नंबर लागतो. मी नोंदवही उघडली, नंबर उतरवला, मुंबईला पत्र टाकलं. पाच मिनिटांचं काम. दीड महिन्याने रिंगा आल्या. मिस्त्रींनी पहिली रिंग हातात घेतली, पिस्टनवर नुसती धरली आणि खाली ठेवली. केवढीतरी मोठी होती.

“बाबू, नंबर कोठचा लिवला?”

“वहीतला.”

“अन् तिच्यावरचा पायला का?”

नव्हता पाहिला. कसा पाहणार? इथे आमची खरी पंचाईत समोर आली. इंजिनाच्या कुशीला पितळेची पाटी होती, नंबर तिच्यावर. आणि त्या पाटीवर बोटभर जाड शेंदूर. गोरा साहेब होता तोवर त्याने यंत्राला टिकली लावू दिली नव्हती. सत्तेचाळीसच्या दसऱ्याला मिस्त्रींनी पहिल्यांदा हौसेने तेलात कालवलेला शेंदूर लावला, आणि लावायला सपाट जागा म्हणून निवडली ती नेमकी पाटी! मग दर दसऱ्याला एक थर. नऊ दसरे, नऊ थर. नंबर कुणाला दिसलाच नव्हता, आणि वहीतला नंबर होता कधीच विकून टाकलेल्या दुसऱ्या यंत्राचा. लिहिणाऱ्याने चुकवला, मी आंधळ्यासारखा उतरवला.

साहेब यायला आठ दिवस होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माझ्या आळसाने यंत्र भंगारात जाणार, आणि हा माणूस मला एक शब्द बोलत नव्हता. मीच चिडलो. “खरवडा ना तो शेंदूर! बघत काय बसलात?”

“देवाचा शेंदूर असा खरवडत नसते बाबू,” ते शांतपणे म्हणाले. “उद्या पाहू.”

दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळ करून, धुतलेलं धोतर नेसून आले. नारळ फोडला. पुढे उभं राहून पुटपुटले ते मला स्वच्छ ऐकू आलं: “माय, तुह्या जिवासाठी करून राहिलो. राग नको मानू.” मग कोमट तेलाचा बोळा शेंदरावर तासभर दाबून धरला आणि बांबूच्या कमचीने थर सोडवायला लागले. लोखंड लावलं नाही, अक्षरं घासली जातील म्हणून. एकेक पापुद्रा पळसाच्या पानावर काढून ठेवत होते. दुपारपर्यंत पितळ चमकलं.

मी नंबर वाचला. बरोबर नंबर मिळाला, पण उपयोग काय? मुंबईचं पत्र जायला-यायला परत दीड महिना.  मिस्त्री मात्र पाटीकडे टक लावून बघत होते. त्यांना इंग्रजी वाचता येत नव्हतं. पाटीवर कंपनीच्या नावाची वळणदार अक्षरं होती, शेवटच्या अक्षराची शेपटी लांब ओढलेली.

“हे शेपूट मी पायलं हाय,” ते म्हणाले. “कोठी पायलं?”

कागद पाटीवर ठेवून वरून पेन्सिल घासली, अक्षरांचा छाप उठवला आणि तो खिशात घालून फिरत राहिले. दोन दिवस जेवताना, पान खाताना, कागद काढून बघायचे. तिसऱ्या दिवशी सकाळी कोठीच्या दारात सायकलची घंटी. “चला बाबू. कळमेश्वराकडं. संत्र्याचा बगीचा हाय एक, इहिरीवर इंजिनाचा पंप हाय. त्याच्यावर हेच शेपूट.”

मी रजा टाकली. मला जायलाच हवं होतं. काटोल रस्त्याने दोन सायकली, चिखल, वर ढग. वाटेत माझी चेन तीनदा उतरली, तीनही वेळा मिस्त्रींनी ती बसवली आणि माझ्या सायकलीबद्दल जे बोलायचं ते बोलून घेतलं. दीड महिन्याचं सगळं त्यात निघालं असावं. मला बरंच वाटलं.

बगीच्याची मालकीण एक म्हातारी. झाडांना हिरवी संत्री लगडलेली, आणि ती हातात काठी घेऊन माकडं हाकत होती.

“काहून आले गा?”

मिस्त्रींनी कागद दाखवला. विहिरीवर विजेची मोटर बसली होती आणि जुना पंप गोठ्याच्या कोपऱ्यात पडला होता. वरची कोंबडी उठवली, धूळ पुसली. पाटीवर तीच अक्षरं, तेच शेपूट. नंबराचे पहिले आकडेही तेच. मिस्त्रींनी पिशवीतून पाना काढला.

“एकच उन्हाळा चालला तो,” म्हातारी म्हणाली. “मंग वीज आली. पन असा खोलून तुमाले काय पायजे?”

“जीव पायजे माय,” मिस्त्री म्हणाले. “आमची एक मरून राहिली.”

म्हातारीने त्यांच्याकडे जरा पाहिलं. काय समजली कोण जाणे. “ने बापा,” म्हणाली, “आन् चहा पिऊन जाय.”

परतताना, कडुनिंबाखाली थांबलो असताना, मी त्यांना विचारलं. जे इतके दिवस माझ्या मनात होतं तेच. “मिस्त्री, चालू केलीत तर ती भोपाळला जाईल. बंद राहिली तर भंगारात. दोन्हीकडून तुमच्या हातून गेलीच ना? मग ही उरस्फोड कशाला?”

पंपाच्या इंजिनातून काढलेल्या रिंगा त्यांनी फडक्यात गुंडाळून छातीशी खिशात ठेवल्या होत्या. त्यावर हात ठेवून म्हणाले, “भंगारवाला घनानं फोडते बाबू. मी पायलं हाय. जाते तं जाऊ द्या. पन आपल्या दमानं जाऊ द्या.”

साहेब आले त्या सकाळी मिस्त्रींनी तिला विचारलं, हँडल फिरवलं. हँडलने असा उलट झटका मारला की मनगट धरून ते हसायलाच लागले. चपला काढल्या, बैठकीवर बसले आणि हिरवळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एक सरळ पट्टा कापत गेले. पावसाळी, घोट्याएवढं गवत. मागे वळून पाहावं तर सतरंजीचा पट्टा अंथरलेला. साहेब खूश झाले. यादीत ‘चालू’ असं लिहिलं आणि म्हणाले, “मिस्त्री, तुम्हीही चला भोपाळला. जागा आहे.”

“वरीसभर उरलं सायेब पेन्शनीले,” मिस्त्री हात जोडून म्हणाले. “अन् तिथलं गवत माह्या वळखीचं नाई.”

ट्रक आला तेव्हा त्यांनी तिला स्वतः फळीवरून वर चढवलं, दोऱ्या बांधल्या, हत्यारांची पेटी बैठकीखाली ठेवली. ट्रक फाटकाबाहेर गेला. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं तर ते चपला शोधत होते. चपला त्यांच्या पायातच होत्या.

पुढचं वर्षभर त्यांनी झाडांना पाणी घातलं. कुरकूर नाही. निवृत्त झाले त्या दिवशी माझ्याकडून नोंदवही मागितली, ती ओळ कुठे आहे विचारलं आणि काट मारलेल्या ओळीवरून बोट फिरवून वही परत दिली.

त्यानंतर काही महिन्यांनी भोपाळहून पत्र आलं. यंत्र चालतं, परंतु गवताचे शेंडे पिवळे पडतात. तसेच हत्यारांच्या पेटीत पत्र्याच्या डबीत सुताची एक लडी आढळली. तिची नोंद यादीत नाही. सदर सुताचं प्रयोजन कळवावं.

मला इतका आनंद झाला! पत्र खिशात घालून तडक इतवारीपलीकडे मिस्त्रींच्या घरी गेलो. म्हटलं, वाचून दाखवू, पोट धरून हसतील. म्हणतील, “आता या म्हनाव, अन् माही दाढी करा.”

दार त्यांच्या बायकोने उघडलं. कपाळ मोकळं होतं.

“चार दिसांचा ताप आला,” ती म्हणाली. “पेन्शनीत गेले होते, तं कचेरीत कोनाले सांगाव?” जरा थांबून म्हणाली, “सारा वेळ माहा हात कपाळावर ठेवून घेत. म्हनत, इचार वं, काय म्हनते.”

मला रडू आवरलं नाही. तिच्यासमोर दारात उभा राहून रडलो. मग पत्र वाचून दाखवलं. तिने सगळं ऐकून घेतलं, आत गेली आणि रहाटापाशी बसून एक नवी लडी भरून आणली. “सरलं असन तं हे धाडा,” म्हणाली.

भोपाळला उत्तर मीच लिहिलं. सूत कसं धरायचं, रूळ कसा फिरवायचा, तिन्ही ठिकाणी धागा कसा कापला गेला पाहिजे, सगळं. शेवटी लिहिलं: ‘यंत्र सुरू करण्यापूर्वी चालकाने इंजिनावर हाताची मागची बाजू ठेवून विचारावे.’ आमच्या साहेबांनी त्या वाक्यापाशी पेन थांबवलं, माझ्याकडे पाहिलं, आणि सही केली.

लडी पार्सलात घातली. मग जुनी नोंदवही काढली. खाडाखोड करायला सक्त मनाई असते, मला ठाऊक आहे. काट मारलेल्या त्या ओळीच्या वर मी बारीक अक्षरांत पुन्हा लिहिलं: ‘लॉन मोअर, मोटरचे, बैठकीसह व सुतासह, नग एक.’