ओट्यावरून दिसलेला बाजार

निजामाच्या सरकारनं आमच्या आठवडी बाजारासाठी पैसा दिला आणि चिंचेखाली दगडी ओटे बांधले गेले. शेतकऱ्यांना मातीत बसावं लागू नये, हा हेतू. बांधणाऱ्यांनी आम्हा सुनांना एकदा विचारलं असतं, तर ते एवढे उंच झाले नसते. समोरून सासरे, थोरले दीर, गावातले म्हातारे जाणार आणि सून त्यांच्यापेक्षा वर बसणार? मग आम्ही वांगी, मेथी ओट्यावर मांडायचो आणि स्वतः खाली मातीतच बसायचो. भाजीचा मान आमच्यापेक्षा मोठा!

एकदा दुपारी बाजार पेंगुळला. उन्हात धूळ तरंगत होती, बैल बसल्या जागी रवंथ करत होते. शेजारी सासूबाईंचाही डोळा लागला. मी हळूच ओट्यावर चढले. दगड गार होता. चार वर्षं खाली बसून मी बाजारातली माणसं पायांवरून ओळखत आले होते. आज पहिल्यांदा चेहरे दिसले, पागोटी दिसली, त्यापलीकडे शेतं, आणि शेतांमधून उन्हात विरघळत गेलेली एक पांढरी वाट.

खाली पाहिलं, तर सासूबाई जाग्या होऊन माझ्याकडेच बघत होत्या. आता शिव्या खाव्या लागणार म्हणून मी पदर सावरून उतरायला लागले.

"थांब," त्या हळूच म्हणाल्या. "तिथून पुसेगावची वाट दिसती का गं?"

पुसेगाव त्यांचं माहेर. लग्न होऊन आल्यापासून ते नाव मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं.