बदलीमंत्र्यांचा हंगाम

आमच्या लॅबमध्ये कवळ्या बनतात. लॅब म्हटलं की लोकांना पांढरे कोट आठवतात. आमच्याकडे पांढरं असतं ते प्लास्टर, आणि ते केसांत, भुवयांवर आणि डबा उघडला की डब्यातही असतं. माझ्या शेजारच्या टेबलावर जे गृहस्थ दात लावतात, त्यांना आम्ही बदलीमंत्री म्हणतो. ही पदवी त्यांनी गेल्या फुटबॉल हंगामात कमावली. त्यासाठी त्यांनी उपसलेले कष्ट मी शेजारी बसून पाहिले आहेत.

त्याआधी माणूस अगदी स्थिर. तरुणपणी या टेबलावर बसले ते उठलेच नाहीत. न्हावी एक, शर्टाचा रंग एक. एकेका दाताला इतका वेळ द्यायचे की मालक वैतागायचे आणि डॉक्टर खूश व्हायचे. अशा माणसाच्या फोनवर त्यांच्या मेहुण्याने तो खेळ घालून दिला.

खेळ साधा. खरे खेळाडू निवडून आपला एक काल्पनिक संघ करायचा. ते खेळाडू मैदानात खरे गोल करतात आणि गुण आपल्याला मिळतात, घरबसल्या. आमच्या गटात आठ जण होते: लॅबमधले आम्ही काही, मंत्र्यांचा मेहुणा, आणि जिच्याकडून आमची बरीचशी कामं येतात ती दातांची डॉक्टर. एक खेळाडू गटात एकाच संघाकडे. कुणीच न घेतलेले ते मोकळे. दर आठवड्याला त्यांच्यातला हवा तो उचलता येतो, फक्त त्याच्या बदल्यात आपला एक सोडावा लागतो. सोडला की तोही मोकळा. ज्याला हवा त्याने घ्यावा.

इथे आमच्या गृहस्थांना आयुष्याचं प्रयोजन सापडलं.

सुरुवातीला त्यांच्याकडे एक उंच, तरुण स्ट्रायकर होता. पहिल्या सामन्यात त्याने गोल केला नाही. मंत्र्यांनी त्याला काढला आणि आदल्याच दिवशी गोल केलेला एक मोकळा विंगर घेतला. विंगरने तो गोल बहुधा चुकून केला असावा, कारण नंतर त्याने तसला प्रकार पुन्हा केला नाही. स्ट्रायकर मात्र डॉक्टरीणबाईंनी उचलला आणि पुढच्याच सामन्यात त्याने तीन गोल मारले. शहाणा माणूस इथे थांबला असता. मंत्र्यांनी निष्कर्ष काढला की आपण पुरेशा वेगाने बदल करत नाही.

मग दर आठवड्याला कुणी येई, कुणी जाई. जो येई त्याचा पाय मुरगळे आणि जो जाई त्याला पंख फुटत. बाईंनी तर फोनवर अशी सोय करून ठेवली होती की यांनी कुणाला सोडलं की तिकडे घंटी वाजावी. रुग्ण आ वासून खुर्चीत बसलेला असायचा आणि बाई एका हाताने आमच्या मंत्र्यांचा टाकलेला मिडफिल्डर उचलायच्या. हंगाम निम्मा झाला तोवर बाईंचा अर्धा संघ मंत्र्यांच्या औदार्यावर उभा होता.

मेहुण्याचं वेगळंच. तो लिफ्ट दुरुस्त करतो. दुसऱ्याच आठवड्यात तो पासवर्ड विसरला आणि त्याला संघात काही करता येईना. तो गटात पहिला होता.

एके सकाळी मंत्री एका निवृत्त मुख्याध्यापिकेची कवळी लावत होते. त्याच सकाळी मोकळे खेळाडू उचलायची खिडकी उघडायची होती. फोन प्लास्टरच्या डब्याला टेकवून ठेवलेला, एक डोळा त्यावर, दुसरा दातांवर. दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाई स्वतः डबी घेऊन लॅबमध्ये आल्या आणि ती त्यांच्या टेबलावर उघडून ठेवली. वरचे दात पंचविशीतल्या नटीसारखे पांढरेशुभ्र. खालचे सत्तरीला शोभतील असे पिवळसर. मुख्याध्यापिका आरशात बघून हसल्या होत्या आणि मग हसायच्या थांबल्या होत्या.

मंत्र्यांचा चेहरा पडला. इतक्या वर्षांत त्यांचं काम परत आलं नव्हतं. त्यांनी कवळी हातात फिरवून पाहिली. मग हळूच म्हणाले, "मॅडम, त्याच वेळी तो डावा बॅक मोकळा होत होता."

"मिळाला?"

"मिळाला."

"मग आता मुख्याध्यापिकाबाईंना दातही मिळू देत."

जाताना त्या दारात थांबल्या. म्हणाल्या, "हंगाम संपेपर्यंत एकाही खेळाडूला सोडायचं नाही. शब्द द्या. यात नुकसान माझंच आहे, एवढं लक्षात ठेवा."

त्यांनी शब्द दिला. कवळी रात्रीचा दिवस न करता, पण इमानाने पुन्हा केली, आणि ती इतकी सुरेख झाली की मुख्याध्यापिका म्हणे आता विनाकारण हसतात.

शब्द पाळणं मात्र जड गेलं. त्यांच्या बायकोने मला फोनवर सांगितलं की घरात ते सारखी कपाटं लावतायत, पडद्यांची अदलाबदल करतायत, आणि काल तर जेवायच्या टेबलाभोवती कुणी कुठे बसायचं यावर बोलले. इकडे संघाला कुणी हात लावत नव्हतं, त्यामुळे संघ खेळू लागला. तळातून वर, आणखी वर. शेवटच्या आठवड्यात ते तिसरे होते. पुढे डॉक्टरीणबाई आणि मेहुणा, दोघेही हाकेच्या अंतरावर.

शेवटच्या दिवशी सामने बघायला त्यांनी मला घरी बोलावलं. मी सोफ्यावर टेकतो न टेकतो तोच ते फोन घेऊन खिडकीशी गेले. एका गरीब क्लबचा एक टकला बचावपटू, निवृत्तीला आलेला, वर्षभर मोकळाच पडून होता. कुणी त्याच्याकडे ढुंकून बघितलं नव्हतं. मंत्र्यांना तो आतून हाक मारत होता म्हणे.

बायकोने ताडलं. "अहो, संघ नीट चाललाय ना?"

"हो."

"कुणाला लागलंय का?"

"नाही."

"मग हात कशाला लावताय?"

मंत्र्यांनी बटण दाबलं. एक धडधाकट मिडफिल्डर गेला, टकला आला. दिलेला शब्दही त्याच्याबरोबर गेला.

आणि सामना संपत आला असताना कॉर्नरवरून आलेला चेंडू त्या टकल्याच्या पाठीवर आपटून जाळ्यात गेला. तो स्वतः पाठमोरा होता. गोल झाला हे त्याला इतरांकडून कळलं. मंत्री मात्र उभे राहिले होते. ओरडले नाहीत, नाचले नाहीत, फक्त उभे राहिले, आणि डोळे पुसून चष्मा परत घातला.

डॉक्टरीणबाईंना मागे टाकून ते दुसरे आले. पहिला आला तो मेहुणा. त्याला फोन करून अभिनंदन केलं तेव्हा त्याने विचारलं, "कशात?"

आता एक छोटीशी गोष्ट. सोडलेल्या मिडफिल्डरने त्याच दिवशी दोन गोल केले; मंत्र्यांच्या शब्दावर विसंबून बाईंनी घंटी बंद ठेवली होती, म्हणून तो कुणाच्याच पदरात पडला नाही. हात लावला नसता तर मंत्री पहिले आले असते. ही आनंदाची बातमी मी त्यांना दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये दिली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतली.

"तो काय, करणारच होता," ते म्हणाले. "त्याला कुणीही ठेवलं असतं. टकल्याला कोण विचारत होतं?"

हरलेल्या माणसाची समजूत घालता येते. पण एकदाच, तेही पाठीने, बरोबर ठरलेल्या माणसापुढे इलाज नाही.

मंत्र्यांनी शब्द मोडल्याचं डॉक्टरीणबाईंनी मनावर घेतलं नाही. पुढच्या हंगामाची नोंदणी यांच्या वतीनेही त्यांनीच करून टाकली. हल्ली दातांची छटा जुळवायला मंत्री दवाखान्यात जातात तेव्हा खुर्चीतल्या रुग्णाला टकल्याची गोष्ट पहिल्यापासून सांगतात. रुग्णाच्या तोंडात दातांचं माप घ्यायचा लगदा भरलेला असतो. तो मान हलवतो, आणि मंत्र्यांना वाटतं, पटलं.