चष्मा काढून पाहिलेली भुतं

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही. तुम्हाला का सांगतेय? काय माहीत. तुम्ही आमच्या गल्लीत राहत नाही, म्हणून असेल.

आमच्या गल्लीत मला वाघीण म्हणतात. मी शाळेत गणित शिकवते, त्यामुळे म्हणत असतील असं वाटेल तुम्हाला. छे! आम्ही पाचजणी महिन्यातल्या एका रविवारी दुपारच्या शोला भुताचा सिनेमा बघायला जातो. भुताचाच का? अहो, रडायचे सिनेमे घरी टीव्हीवर रोज असतात की. थेटरात मोकळ्या गळ्यानं किंचाळायला मिळतं, आणि नवरे बरोबर येत नाहीत — आणखी काय पाहिजे? सिनेमा सुटला की रंकाळा तलावावर भेळ. तिथं मी निकाल देते, ‘बघावा’ किंवा ‘टाळावा’. संध्याकाळपर्यंत तो गल्लीभर होतो, आणि माझं ऐकून लोक तिकिटं काढतात.

आता निकाल कसा द्यायची, ते ऐका. जो सिनेमा नुसता ढोल बडवून दचकवतो, तो टाळावा. दार करकरलं, मांजर ओरडलं, की पुढं काय होणार ते शेंबड्या पोरालाही कळतं. ज्यात अख्खं थेटर गप्प होतं, वेफर्सच्या पुड्यांचा आवाजसुद्धा थांबतो, तो बघावा. पटतंय ना? सगळ्यांना पटायचं. पण हे सगळं कानाचं ज्ञान आहे, हे कुणाच्या कधी लक्षात आलं नाही. डोळ्यांचं त्यात काहीच नाही.

कारण — सांगूनच टाकते — मी एकही भूत पाहिलेलं नाही.

मला सहा नंबरचा चष्मा आहे. पहिल्याच सिनेमाला मी काच पुसायला तो काढला आणि नेमकं तेव्हाच पडद्यावर काहीतरी आलं. मला दिसला नुसता पांढरा ढग. बाकीच्या चौघी बोंबलल्या आणि मी शांतपणे विचारलं, “काय झालं गं?” झालं! आमच्यातल्या शालनवहिनींनी तिथंच मला वाघीण करून टाकलं. मला ते फार आवडलं. खोटं कशाला बोलू? पुढच्या वेळी मी चष्मा मुद्दाम काढला. त्याच्या पुढच्या वेळीही. अशी सात वर्षं मी मांडीवर चष्मा ठेवून ढग बघितले.

एवढंच असतं तर मी तुम्हाला थांबवून सांगितलंही नसतं. पण शेजारच्या खुर्चीवर लता असायची.

लता माझी धाकटी जाऊ, गडमुडशिंगी गावची. ती माझं डावं मनगट धरून सिनेमा बघायची. भूत आलं की तिची नखं रुतायची. मनगटावर चार खुणा उठल्या की सिनेमा ‘बघावा’. हात सोडून ती वेफर्स खायला लागली की ‘टाळावा’. म्हणजे बघा, भ्यायची ती आणि निकाल द्यायची मी! आणि भेळ खाताना तिच्या किंचाळण्याची नक्कल कोण करायचं? मीच. “लताला पुढच्या वेळी पाळण्यात घालून आणूया,” म्हणायची. सगळ्याजणी हसायच्या. लताही हसायची.

मग मागच्या पावसाळ्यात एका रविवारी ती दारात येऊन म्हणाली, “अक्का, मी न्हाई येत आता. माझ्या वरडण्यानं तुमच्या सगळ्यांचा सिनेमा नासतोय.”

तेव्हा खरं बोलता आलं असतं ना? दोघीच तर होतो. मी म्हणाले, “बरं, तुझी मर्जी.” आणि रिक्षात जाऊन बसले.

त्या दिवशी विहिरीचा सिनेमा होता. मनगट मोकळं. मला काही म्हणता काही कळेना. भेळेवर मी ठोकून दिलं — टाळावा! शालनवहिनींचे हात अजून गार होते, तरी त्या म्हणाल्या, “तुम्ही म्हणताय तर असेल बाई.” घरी आले तर लता माझी वाटच बघत होती. “अक्का, विहिरीतली बाई शेवटी कोण निघाली वो?” डोळे असे चमकत होते तिचे! पोरीचा जीव होता या सिनेमांवर. महिन्यातनं एकदा तिला स्वतःसाठी तीन तास मिळायचे, ते मी हसून हसून काढून घेतले होते. आणि मला ती बाई कोण हेसुद्धा माहीत नव्हतं. मी कायतरी रचून सांगितलं. तिला ते खरं वाटलं.

लाज वाटली हो. फार वाटली.

पुढच्या महिन्यात मी तिला ओढतच नेलं. म्हटलं, “वाघिणीचा हुकूम हाय, ऊठ!” आणि थेटरात चष्मा डोळ्यावर ठेवला.

अगं आई गं! काय दिसतं हो त्यात! माळ्यावरनं एक हात खाली आला आणि मी जी किंचाळले, ती वेफर्ससकट! पुडा पुढच्या रांगेत. तिथले पावणं मागं वळून म्हणाले, “ओ मावशी, भूत पडद्यावर हाय, आमच्या डोक्यावर न्हाई!” अख्खं थेटर हसलं. लता तर पोट धरून हसत होती. त्यानंतर मी आणखी चारदा किंचाळले, आणि खरं सांगू? सात वर्षांत एवढी मजा आली नव्हती. लता मात्र भीत होती तरी डोळे टक्क उघडे ठेवून बघत होती. तशीच बघायची म्हणे, पहिल्यापासून.

रंकाळ्यावर शालनवहिनी म्हणाल्या, “लताला बरं वाटावं म्हणून नाटक केलंसा न्हवं? वाघीण ती वाघीण!”

मी म्हणाले, “व्हय की.”

लताच्या उजव्या मनगटावर माझ्या चार नखांच्या लालभडक खुणा होत्या. तिनं कोपराकडच्या बांगड्या हळूच खाली ओढून त्या झाकल्या आणि आपल्या भेळेतले शेंगदाणे वेचून माझ्या कागदावर ठेवले.

गल्लीत मला अजून वाघीणच म्हणतात. मी कुणाला अडवलेलं नाही.